नवीन घर थंड-गरम ठेवायचंय? आधी हिशेब, मग माणूस, यंत्र शेवटी

घराचा नकाशा हातात आला की एसी-हीटिंगबद्दल बहुतेक जण पहिला प्रश्न एकच विचारतात: कुठल्या कंपनीचं घ्यावं? प्रश्न चुकीचा नाही, पण तो फार लवकर विचारला जातो. दोन चांगल्या कंपन्यांच्या यंत्रांत जेवढा फरक असतो, त्याहून कितीतरी मोठा फरक एकच यंत्र दोन वेगळ्या माणसांनी बसवलं तर पडतो. घराला किती क्षमता लागते हे कुणी मोजलं आणि जोडणी कुणाच्या हातांनी झाली, या दोन गोष्टींवर पुढची पंधरा वर्षं अवलंबून असतात.

फ्रिज कारखान्यात पूर्ण होऊन येतो. गॅस भरलेला, सांधे बंद केलेले, चालवून पाहिलेला. आपण फक्त प्लग लावतो. स्प्लिट एसी किंवा हीट पंप (उन्हाळ्यात थंडावा आणि हिवाळ्यात ऊब देणारं यंत्र) तसा येत नाही. कारखाना बाहेरचं युनिट पाठवतो, आतलं युनिट पाठवतो, आणि मधली तांब्याची पाइप, तिचे सांधे, गॅसचं वजन, पाण्याचा निचरा, हवा खोल्यांत नेणारे डक्ट हे सगळं तुमच्या घरात, धुळीत, एखाद्या शिडीवर उभं राहून पूर्ण होतं. म्हणजे यंत्राचा निम्मा कारखाना तुमचं घर असतं. त्या निम्म्या भागाची तपासणी कुणी केली नाही, तर ती होतच नाही.

किती क्षमता लागेल, हे घरच सांगतं

खोलीचं क्षेत्रफळ घ्यायचं, एका ठरावीक आकड्याने भागायचं आणि "दीड टन लागेल" असं सांगायचं, ही पद्धत जगभर चालते. ती सोपी आहे म्हणून चालते. पण खोलीत उष्णता क्षेत्रफळातून येत नाही. ती काचेतून, छतातून, भिंतीतून, फटींतून, माणसांमधून आणि उपकरणांमधून येते.

आधी टन म्हणजे काय ते पाहू. यंत्राचा टन हा वजनाचा नाही. सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. वॉटमध्ये सांगायचं तर साधारण ३,५०० वॉट. हा आकडा डोक्यात ठेवला की पुढचा हिशेब सोपा जातो.

पंधरा चौरस मीटरच्या दोन खोल्या घ्या. पहिली मधल्या मजल्यावर, छोटी खिडकी, समोर झाडाची सावली. दुसऱ्या खोलीला पश्चिमेला चार चौरस मीटरची साधी काच. उन्हाळ्यात निरभ्र दुपारी पश्चिमेच्या उभ्या काचेवर दर चौरस मीटरला ६०० वॉटपर्यंत ऊन सहज पडतं. साधी काच त्यातलं सुमारे ८० टक्के आत सोडते. चार चौरस मीटरचे झाले जवळपास १,९०० वॉट. म्हणजे अर्ध्या टनाहून जास्त भार एकट्या खिडकीचा. त्याच जागी ऊन अडवणारी लेप दिलेली काच घेतली, जी फक्त ३० टक्के उष्णता आत येऊ देते, तर तोच आकडा ७२० वॉटवर येतो. काचेबाहेर छज्जा किंवा झडप असेल तर आणखी खाली. आतल्या पडद्याचा उपयोग त्यामानाने कमी, कारण पडद्यापर्यंत पोचलेलं ऊन खोलीत शिरून झालेलं असतं.

तीच खिडकी थंडीत उलटं काम करते. बाहेर शून्य अंश आणि आत २० अंश असताना एकेरी काचेच्या चार चौरस मीटरमधून साधारण ४५० वॉट उष्णता सतत निघून जाते. चांगली लेपाची दुहेरी काच असेल तर सव्वाशे वॉटसुद्धा नाही. दोन्ही खोल्यांचं क्षेत्रफळ सारखंच आहे. क्षेत्रफळाला भागणारा माणूस दोन्हीला एकच यंत्र सांगेल.

म्हणून खोलीनिहाय भार काढला पाहिजे. अमेरिकेत यासाठी 'मॅन्युअल जे' नावाची पद्धत वापरतात, युरोपात गरमीचा भार काढायला 'ईएन १२८३१' हे प्रमाणक आहे. नावं वेगळी असली तरी विचारलं जातं तेच: भिंत कशाची, उष्णता अडवणारं इन्सुलेशन किती, काच कुठल्या दिशेला, छतावर काय, हवा कितपत गळते, माणसं किती, आणि तुमच्या भागातला सर्वांत उष्ण आणि सर्वांत थंड दिवस साधारण किती अंशांचा. शांत बसलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॉट उष्णता टाकत असतो. बैठकीच्या खोलीत बारा जण जमणार असतील तर तो आकडा विसरून चालत नाही.

नवीन घर बांधणाऱ्याच्या हातात एक संधी असते, जी जुन्या घरवाल्याला मिळत नाही. त्याला यंत्र ठरवण्याआधी घर बदलता येतं. पश्चिमेची काच कमी करणं, छताला जाड इन्सुलेशन देणं, फटी बुजवणं या गोष्टी यंत्राचा आकार कायमचा लहान करतात, आणि त्या बिघडत नाहीत. हवेची गळती मोजण्याची चाचणीही आहे. मुख्य दारात पंखा बसवून घरातला दाब बाहेरच्यापेक्षा ५० पास्कलने कमी-जास्त करतात आणि किती हवा शिरते ते मोजतात. ही चाचणी आतलं फिनिशिंग होण्याआधी एकदा करून घ्यावी, कारण फट सापडली तरी तेव्हा ती बुजवता येते.

"थोडं मोठंच घेऊ" यात काय बिघडतं

मोठं घेतलं की निदान कमी तरी पडणार नाही, असं वाटतं. थंडाव्याच्या बाबतीत हा विचार नेमका उलटा पडतो.

एसी दोन कामं करतो. हवा थंड करतो आणि हवेतला ओलावा काढतो. ओलावा काढण्यासाठी कॉइल, म्हणजे आतल्या युनिटमधली गॅस फिरणाऱ्या नळ्यांची जाळी, आधी पुरेशी गार व्हावी लागते, मग तिच्यावर पाणी जमतं, आणि ते थेंबाथेंबाने ओघळून निचऱ्याच्या नळीत जायला आणखी काही मिनिटं लागतात. गरजेपेक्षा मोठं यंत्र खोलीचं तापमान इतक्या पटकन खाली आणतं की पाणी नळीपर्यंत जायच्या आत कॉम्प्रेसर बंद होतो. पंखा चालूच राहिला तर कॉइलवरचं पाणी परत हवेत मिसळतं. परिणाम: तापमापक २३ अंश दाखवतो आणि अंगाला चिकचिक जाणवते. मग माणूस तापमान आणखी खाली करतो, बिल वाढतं, चिकचिक तशीच. १९०२ साली विलिस कॅरियर या अमेरिकन अभियंत्याने न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, ती ओलाव्यामुळे कागद फुगतो-आकसतो या तक्रारीवर होती. आधुनिक एसीची सुरुवात ओलाव्यापासून झाली, आणि निवड करताना आज तोच मुद्दा सर्वांत आधी विसरला जातो.

इन्व्हर्टर यंत्रं आपला वेग कमी करू शकतात, त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो, पण संपत नाही. त्यांनाही किमान क्षमतेची मर्यादा असते. यंत्र निवडताना कमाल क्षमतेइतकीच किमान क्षमताही विचारा. लहानशा बेडरूमचा रात्रीचा भार त्या किमान आकड्याखाली जात असेल, तर इन्व्हर्टरसुद्धा चालू-बंद होत राहील.

पर्याय कुठले

हीट पंप उष्णता तयार करत नाही, ती एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवतो. उन्हाळ्यात आतली बाहेर, हिवाळ्यात बाहेरची आत. बाहेर ५ अंश असले तरी त्या हवेत उष्णता असतेच; बाहेरची कॉइल तिच्याहून गार ठेवली की उष्णता कॉइलमध्ये येते. ब्रिटिश शास्त्रज्ञ लॉर्ड केल्व्हिनने ही कल्पना १८५२ सालीच मांडली होती. सौम्य हवामानात एक युनिट वीज खर्चून तीन-चार युनिट उष्णता मिळते. साधा विजेचा हीटर एका युनिटची एकच देतो. ज्या घराला थंडावा आणि ऊब दोन्ही लागतात, तिथे माझ्या मते पहिला विचार हीट पंपाचाच व्हावा, कारण एकाच यंत्रात दोन्ही कामं होतात.

पण इथे कॅटलॉग नीट वाचायला हवं. गरमीच्या क्षमतेचा ठळक आकडा सहसा बाहेर ७ अंश असतानाचा असतो, आणि थंडाव्याचा बाहेर ३५ अंश असतानाचा. तुमच्याकडे थंडीत उणे १० होत असेल किंवा उन्हाळ्यात ४४, तर तो आकडा तुमचा नाही. बाहेर जितकी थंडी जास्त तितकी हीट पंपाची क्षमता घटते, आणि नेमकी तेव्हाच घराची गरज वाढते. कंपनीच्या तांत्रिक पुस्तिकेत वेगवेगळ्या बाह्य तापमानांना किती क्षमता उरते याचा तक्ता असतो. तो मागा. तक्ता न दाखवता "चालून जाईल" म्हणणाऱ्यावर विसंबू नका.

आणखी एक गोष्ट आधी माहीत असलेली बरी. दमट थंडीत बाहेरच्या कॉइलवर बर्फ धरतो आणि तो वितळवण्यासाठी यंत्र काही मिनिटं उलटं चालतं. बाहेरून वाफ निघते, आतली ऊब तेवढा वेळ थांबते. हा बिघाड नाही. मात्र वितळलेलं पाणी कुठे जाईल हे ठरलेलं असावं, नाहीतर ते वाटेवर पडून पुन्हा गोठतं.

गॅसवरची भट्टी (हवा तापवणारी) किंवा बॉयलर (पाणी तापवून घरभर फिरवणारा) कडाक्याच्या थंडीत भरवशाचा आहे, पण थंडाव्यासाठी वेगळी सोय करावी लागते. साधी भट्टी इंधनातली सुमारे ८० टक्के उष्णता देते, तर धुरातल्या वाफेचं पाणी करून तिचीही उष्णता घेणारी कंडेन्सिंग यंत्रं ९० टक्क्यांच्या वर जातात. त्यासाठी बॉयलरकडे परत येणारं पाणी साधारण ५५ अंशांखाली असावं लागतं. खोल्यांतले रेडिएटर (गरम पाण्याने तापणारे धातूचे पट्टे) लहान पडले म्हणून पाणी ७० अंशांवर फिरवत राहिलात, तर कंडेन्सिंग बॉयलर घेऊनही तो फायदा मिळत नाही. जमिनीखाली नळ्या टाकून पायाशी ऊब देणारी पद्धत ३५ अंशांच्या आसपासच्या पाण्यावर चालते, म्हणून तिची आणि हीट पंपाची जोडी चांगली जमते. पण फरशी बसल्यावर हा विचार करून उपयोग नाही.

हवा कोरडी असेल तर पाण्यावर चालणारा कूलर फार कमी विजेत काम करतो. दमट हवेत तो नुसता ओलावा वाढवतो. जमिनीतून उष्णता घेणारा हीट पंप कार्यक्षम असतो, पण त्याला खोल छिद्रं किंवा मोकळी जमीन लागते, त्यामुळे बऱ्याच घरांचा प्रश्न तिथेच संपतो.

आता डक्ट की खोलीगणिक स्प्लिट? डक्टची यंत्रणा दिसायला नीटनेटकी, हवा सगळीकडे सारखी खेळते, चांगला फिल्टर लावता येतो. पण अमेरिकेच्या सरकारी 'एनर्जी स्टार' कार्यक्रमाच्या अंदाजानुसार तिथल्या साधारण घरात डक्टमधून फिरणारी २० ते ३० टक्के हवा गळती आणि सदोष जोडांमुळे वाया जाते. डक्ट तापलेल्या छताखालच्या पोकळीतून गेले असतील तर आणखी नुकसान. डक्ट हवेच असतील तर ते इन्सुलेशनच्या आतल्या बाजूने न्या आणि त्यांची जागा नकाशातच राखून ठेवा. नाहीतर बीम आडवा येतो, डक्ट चेपला जातो आणि शेवटच्या खोलीत हवाच पोचत नाही. बेडरूमचं दार लावल्यावर आत आलेली हवा परत कुठून जाणार, हाही प्रश्न विचारा. तिला वाट नसेल तर त्या खोलीत नवी हवा शिरत नाही.

घर जितकं घट्ट बांधाल तितकी ताज्या हवेची सोय वेगळी करावी लागते. बाहेर जाणाऱ्या हवेतली उष्णता आत येणाऱ्या हवेला देणारे व्हेंटिलेटर त्यासाठीच असतात. स्प्लिट एसी तीच हवा फिरवतो, ताजी हवा आणत नाही.

यंत्रात कुठला गॅस आहे हेही विचारा. आर-४१०ए वायूची तापमानवाढ करण्याची क्षमता १०० वर्षांच्या हिशेबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २,०८८ पट धरतात, आर-३२ ची ६७५ पट, आणि आर-२९०, म्हणजे प्रोपेनची, अगदी नगण्य. ओझोनच्या थरासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराला २०१६ साली किगालीत जी दुरुस्ती झाली, तिच्यामुळे जास्त पटींचे वायू जगभर टप्प्याटप्प्याने कमी होत आहेत. पंधरा वर्षं वापरायच्या यंत्राला मागे पडणारा गॅस नको. नवे वायू थोडेफार ज्वलनशील आहेत, प्रोपेन तर चांगलाच, म्हणून ते हाताळायचं प्रशिक्षण घेतलेला माणूसच लागतो.

माणूस कसा ओळखायचा

चांगला बसवणारा आला की टेप काढतो. खिडक्या मोजतो, दिशा विचारतो, छतावर काय आहे ते पाहतो, मुख्य वीजजोडणीचा भार तपासतो. तुम्ही विचारण्याआधी तो प्रश्न विचारतो. दारातून डोकावून टनांचा आकडा सांगणाऱ्याने घर पाहिलेलंच नसतं. त्याच्याकडे खोलीनिहाय भाराचा कागद मागा. दोन-तीन जणांचे कागद शेजारी ठेवले की कुणी मोजलंय आणि कुणी अंदाज बांधलाय ते लगेच कळतं.

खरी कसोटी पाइपच्या कामात आहे. काम चालू असताना शेजारी उभं राहून एवढं जरूर पाहा. तांब्याची पाइप कापल्यावर तिच्या तोंडाला आतून धार राहते, ती रीमरने काढावी लागते आणि तेव्हा पाइपचं तोंड खाली धरावं लागतं, म्हणजे कीस आत पडत नाही. मग फ्लेअर, म्हणजे नटात बसण्यासाठी नरसाळ्यासारखं पसरवलेलं पाइपचं तोंड. त्याची कड गुळगुळीत आणि एकसारखी हवी. त्यावर तेलाचा एक थेंब, आणि नट टॉर्क पान्याने कंपनीने दिलेल्या आकड्यापर्यंत आवळायचा. नुसत्या हाताच्या अंदाजाने आवळलेला नट एकतर सैल राहतो किंवा तांबं चिरतं. दोन्हींचा शेवट गळतीत, आणि ती बहुधा पुढच्या मोसमात कळते.

सांधा ब्रेझिंगचा, म्हणजे आचेवर धातू वितळवून जोडलेला, असेल तर पाइपमधून नायट्रोजनची हलकी धार चालू हवी. ती नसेल तर तापलेल्या तांब्याला आतून काळी खपली धरते, पुढे सुटून गॅसचा दाब उतरवणाऱ्या एक्स्पान्शन व्हॉल्व्हमध्ये अडकते, आणि दोष यंत्राच्या माथी जातो.

जोडणी झाल्यावर नायट्रोजन दाबाने भरून ठेवायचा, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे पाहायचे, आणि दाब उतरतो का ते शक्य तर रात्रभर बघायचं. त्यानंतर व्हॅक्यूम पंप. या कामात दाब मायक्रॉनमध्ये मोजतात; बाहेरच्या हवेचा दाब ७,६०,००० मायक्रॉन असतो. पाइपमधला दाब ५०० मायक्रॉनच्या खाली आणायचा असतो. इतक्या कमी दाबाला पाइपमधलं पाणी खोलीच्या तापमानालाच वाफ होऊन बाहेर निघतं. मग पंप बंद करून आकडा चढतो का ते पाहायचं. भराभर चढत राहिला तर गळती आहे, थोडा चढून स्थिरावला तर ओलावा उरला आहे. हे मोजायला डिजिटल मायक्रॉन गेज लागतो. "पंप अर्धा तास लावला की झालं" हे उत्तर पुरेसं नाही. थोडा गॅस सोडून हवा "ढकलून" देणारा तर ओलावा आतच ठेवतो. तो ओलावा कॉम्प्रेसरच्या तेलाशी मिळून आम्ल बनवतो आणि कॉम्प्रेसर आतून खराब करतो.

गॅस वजनकाट्यावर भरला जातो का तेही पाहा. कारखान्यातला गॅस ठरावीक लांबीच्या पाइपपुरता असतो, पुढच्या दर मीटरला किती ग्रॅम वाढवायचा ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं.

निचऱ्याच्या नळीला मीटरमागे किमान एक सेंटीमीटर उतार हवा. भिंत बंद करण्याआधी त्या नळीत तांब्याभर पाणी ओतून ते दुसऱ्या टोकाला येतं का बघा. दोन मिनिटांचं काम आहे आणि ओलसर भिंती वाचवतं. बाहेरचं युनिट अरुंद कोनाड्यात, जाळीमागे बसवू देऊ नका. स्वतःचीच गरम हवा ते पुन्हा ओढतं. माणसाला तिथे सुरक्षित उभं राहून दुरुस्ती करता आली पाहिजे, आणि आवाज कुणाच्या उशाशी जाणार हेही आधी पाहावं.

कोटेशन हातात आलं की बेरजेआधी काय-काय लिहिलंय ते वाचा. मॉडेलचा पूर्ण क्रमांक, पाइपची जाडी आणि लांबी, इन्सुलेशन, दाबाची चाचणी, व्हॅक्यूम, डक्टची गळती-तपासणी, भिंतीची दुरुस्ती, पहिल्या वर्षाची सेवा. जे लिहिलेलं नाही ते नंतर वादाचं होतं. काम तो स्वतःच्या माणसांकडून करणार की दुसऱ्याला देणार, हे स्पष्ट विचारा. जुन्या गिऱ्हाइकांचे दाखले मागताना गेल्या महिन्यातल्या कामाचे घेऊ नका, दोन-तीन वर्षांपूर्वीच्या कामाचे घ्या. नवीन यंत्र सगळ्यांकडेच थंड करतं. दोन उन्हाळे गेल्यावर गॅस भरावा लागला का आणि फोन केल्यावर माणूस आला का, हे त्या घरात कळेल.

शक्य असेल तर हा माणूस प्लास्टर व्हायच्या आधी, वास्तुविशारद आणि इलेक्ट्रिशियनसोबत एकाच बैठकीत बसवा. भिंतीतली भोकं, निचऱ्याची वाट, स्वतंत्र वायरिंग, थर्मोस्टॅटची जागा हे सगळं तेव्हा ठरतं. थर्मोस्टॅट उन्हाच्या भिंतीवर किंवा हवेच्या झोतासमोर नको, तो मग घराचं न मोजता त्या कोपऱ्याचं तापमान मोजतो.

पैशांचा शेवटचा हप्ता यंत्र टांगल्यावर देऊ नका, चाचण्यांचा कागद मिळाल्यावर द्या. त्यावर नायट्रोजनच्या चाचणीचा दाब आणि वेळ, व्हॅक्यूमचा शेवटचा आकडा, भरलेल्या गॅसचं वजन, डक्ट असतील तर प्रत्येक खोलीत येणारी हवा, आणि कॉइलच्या आधी-नंतरच्या हवेच्या तापमानातला फरक असावा. पूर्ण भारावर थंडावा देत असताना हा फरक साधारण ८ ते ११ अंश येतो. वॉरंटीचा दावा करायची वेळ आली तर बसवण्याची कागदपत्रं मागितली जाऊ शकतात, म्हणून मूळ प्रत तुमच्याकडे ठेवा. सोबत प्लास्टर होण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, शेजारी टेप लावून, म्हणजे पाइप जमिनीपासून किती उंचीवर आणि कोपऱ्यापासून किती अंतरावर आहे ते दिसेल. काही वर्षांनी गळती शोधायला येणाऱ्या माणसाला मग भिंत एकाच जागी फोडावी लागेल.